पहिल्या वर्गाचं आम्लेट

आत्याच्या घरी जेवायला बसायचं तर आधी पाण्याचा तांब्या हाताशी ओढून घ्यायचा, हे तिच्या सगळ्या गणगोताला ठाऊक होतं. मुलीच्या लग्नाची बोलणी झाली त्या दिवशी मात्र पाहुण्यांना हे सांगायचं राहून गेलं. होणारे व्याही पहिल्या घासाला थांबले, दुसऱ्या घासाला त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि तिसऱ्या घासानंतर विहीणबाई साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, "भाजी छानच झालीय हो. मीठ चुकून दोनदा पडलं का?"

"एकदाच पडलं," आत्या म्हणाली. "पण हात विमानातला आहे."

लग्न जमलं. जावई भला माणूस, चार पेले पाणी पिऊन "अजून वाढा" म्हणाला. तेव्हापासून विहीणबाई येताना पाण्याची बाटली घेऊन येतात आणि आत्या त्यांना मुद्दाम दोन चमचे जास्त वाढते.

विमानातला हात म्हणजे काय, ते सांगायला हवं. विमानतळाच्या कुंपणाला चिकटून एक लांबलचक, बिनखिडक्यांची इमारत आहे. आत मोठं स्वयंपाकघर. देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांत जे काही खाल्लं जातं, त्यातलं पुष्कळसं तिथे शिजतं. मागच्या रांगांसाठी एक भलं मोठं दालन आहे, तिथे यंत्रातून हजारो आम्लेटं नाण्यांसारखी बाहेर पडतात. आणि कोपऱ्यात, काचेच्या भिंतीमागे, पहिल्या वर्गाचं काउंटर. सहा माणसं. विमानाच्या नाकाकडच्या आठ रुंद खुर्च्या, सकाळच्या चार फेऱ्या, दर फेरीला एक जादा ताट. रोजची आम्लेटं छत्तीस. ती छत्तीसच्या छत्तीस बावीस वर्षं आत्यानं डाव्या हातानं घातली.

"आत्या" हे नाव भाच्यामुळे पडलं. तिनंच त्याला इथे चिकटवला होता. पहिल्याच दिवशी तो भर दालनात "आत्याऽऽ, माझी टोपी कुठंय?" म्हणून ओरडला, आणि त्या दिवसापासून तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला भांडारप्रमुखसुद्धा तिला आत्या म्हणायला लागला. भाचा आता मिशा पिळत ती उंच गाडी चालवतो, जिचा डबा कात्रीसारख्या पायांवर वर उचलला जातो आणि विमानाच्या दाराला भिडतो. आत्या खाली आम्लेटाची घडी घालते, भाचा वर पोचवतो. "आमच्या घराण्यानं आभाळात पाय रोवलेत," असं तो लग्नकार्यात सांगत फिरतो.

आता मिठाचं. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी आत्याही सगळ्यांसारखी वीस अंड्यांना नऊ ग्रॅम मीठ घालायची. तेव्हाचे थोरले शेफ जाडजूड आणि मितभाषी गृहस्थ होते. एके दिवशी त्यांनी तिला एक तिकीट दिलं आणि म्हणाले, "जाऊन ये. आणि स्वतःचं स्वतः खा." आत्या विमानात बसली, कानांना दडे बसून ते दुखायला लागले, आणि तासाभरानं तिच्यासमोर तिचंच आम्लेट आलं. घडी ओळखीची होती. चव मात्र वहीचा कागद चावावा तशी. तिनं शेजारच्या माणसाकडे पाहिलं, तर तोही आपला चावत होता, निमूट, डोळे मिटून.

परत आल्यावर शेफ म्हणाले, "सर्दी झाल्यावर जेवण कसं लागतं? वर सगळ्यांना तशीच थोडी सर्दी झालेली असते. हवा कोरडी, नाक बंद, जीभ अर्धी झोपलेली. आपण जागे असलेल्यांसाठी रांधतो आणि खातात अर्धे झोपलेले."

मग किती मीठ घालायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते आत्यानं उष्ट्यातून शोधलं. पाळी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास ती धुण्याच्या विभागात जाऊन उभी राहायची, सकाळच्या फेऱ्यांची परतलेली ताटं बघत. पहिल्या वर्गातला माणूस तोंडानं तक्रार करत नाही. तो कोपरा खातो, काटा ठेवतो आणि खिडकीबाहेर बघतो. ताट मात्र बोलतं. ताटाबरोबर मिठाची कागदी पुडी असते. दहा ग्रॅमला पुड्या फाडलेल्या यायच्या, अकराला काही फाडलेल्या, काही तशाच. बाराला पुड्या कोऱ्या आणि ताटं चाटूनपुसून. तेराला अर्धं आम्लेट परत. आत्यानं बारावर बोट ठेवलं आणि एकवीस वर्षं ते हललं नाही. घरी सुद्धा हललं नाही, ही घरच्यांची तक्रार.

"तुम्ही घरी उतरत का नाही?" नवरा विचारायचा. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि चिडला की बायकोला 'तुम्ही' म्हणायचा.

"माझा हात एकच आहे," ती म्हणायची. "तुम्हाला पाणी काय कमी आहे? पंपवाले ना तुम्ही?"

थोरले शेफ निवृत्त झाले. मग एकामागून एक तीन साहेब आले आणि गेले, आणि चौथे आले ते एका मोठ्या हॉटेलातून. वय पस्तिशीचं, बूट चकचकीत, बोलणं गोड. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांनी आयुष्यभर जमिनीवर जेवायला घातलं होतं.

त्यांच्या पहिल्याच वर्षात विमान कंपनीचं पत्र आलं. पहिल्या वर्गाच्या न्याहारीचा करार संपत होता. नदीपलीकडे नवं स्वयंपाकघर झालं होतं, त्यांनाही काम हवं होतं. कंपनीची तीन माणसं येणार, दोन्हीकडची न्याहारी चाखणार, गुण देणार. ज्याचे गुण जास्त, त्याच्याकडे चारही फेऱ्या. म्हणजे सोप्या भाषेत, काचेमागचं काउंटर राहणार की जाणार, आणि त्या सहा माणसांनी उद्यापासून कुठे उभं राहायचं, हे एका दुपारच्या चार घासांवर ठरणार होतं.

चाखणीच्या दोन दिवस आधी साहेब काउंटरवर आले.

"आत्या, परवा मीठ नऊवर आणायचं."

"परवापुरतं?"

"परवापुरतं."

"आणि तेरवा?"

"तेरवा तुमचं बारा तुमच्यापाशी. मी कुठे नाही म्हणतोय?"

आत्यानं हातातला तवा खाली ठेवला. "म्हणजे दाखवायचं एक आणि द्यायचं एक."

"अहो, ते लोक वरच्या मजल्यावर आपल्या सभागृहात बसून खाणार. तिथे बारा तोंडात धरवणार नाही. सगळे असंच करतात."

"सगळे करतात त्याला चाखणी नाही म्हणत, साहेब. थोरलीचं लग्न ठरवायला धाकटीला पुढं बसवणं म्हणतात."

काउंटरवरची माणसं हसली. साहेबही हसले, पण ओठांच्या एकाच बाजूनं. "करारात लिहिलंय, चाखणी सभागृहात. मी काय त्यांना घेऊन आभाळात जाऊ?"

"त्यांचं त्यांनाच जायचंय ना दुसऱ्या दिवशी सकाळी? भाचा म्हणत होता, सव्वासातच्या फेरीला तीन खुर्च्या राखून ठेवल्यात, पुढच्याच. मग खाऊ दे की तिथं. जिथलं ताट तिथं चाखावं."

"गुण आदल्या दिवशीच द्यायचेत, आत्या."

"मग तो त्यांचा मूर्खपणा. आपण त्यात भर कशाला घालायची?"

साहेब गेले. मग चहाच्या सुट्टीत बाकीचे पाचजण बसले तिला घेरून. त्यांत सगळ्यात पुढे होती टोमॅटोवाली. टोमॅटो अर्धे करून, त्यांवर काळी रेघ उमटेपर्यंत शेगडीवर भाजायचं काम तिचं, म्हणून हे नाव. आत्याची जिवाभावाची मैत्रीण. बावीसपैकी एकोणीस वर्षं दोघी शेजारी शेजारी उभ्या.

"आत्या, अगं तीन ग्रॅम," टोमॅटोवाली म्हणाली. "तीन ग्रॅमसाठी सहाजणांच्या पोटावर पाय देणार?"

"मी कोणाच्या पोटावर पाय देत नाही. मी आम्लेट करते."

"मोठी आली हरिश्चंद्राची नात. जत्रेतला फुगेवालासुद्धा पुढचा फुगा मोठा लावतो."

"आणि माझ्या नातवाच्या हातात बारका देतो. म्हणून तर मी त्याच्याशी भांडते."

"देवा! हिच्याशी कोण बोलेल," टोमॅटोवालीनं कप आपटला. "ऐक, मला त्या यंत्राच्या दालनात नाही जायचं. तिथं पहाटेची बस आहे, आठ तास उभं राहायचं आहे, आणि माझ्या गुडघ्यांना आता पन्नास वर्षं झालीत. बाकी तुझं तू बघ."

आत्यानं आपला कप विसळला आणि काउंटरवर परत गेली. 

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पंपासाठी रबराचा वायसर कापत बसला होता. म्हणाला, "मी पंप दाखवताना नळ थोडा जास्तच उघडतो गं."

"म्हणून तर दुसऱ्या दिवशी लोक दारात येऊन शिव्या घालतात."

"घालतात खरे," तो म्हणाला. मग वायसर नीट कापून झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि गेलं काउंटर, तर?"

"तर गेलं."

"टोमॅटोवालीचं काय?"

 तिनं भांडी घासली, आणि ती जरा जास्तच आवाज करत घासली.

चाखणीच्या दिवशी दुपारी अडीचला तिनं बाराचं आम्लेट घातलं. तीन ताटं. अंडी घट्ट झाली की नाही ते तापमापकाची सुई खुपसून पाहिलं, घडी घातली, शेजारी मशरूम, बटाट्याची टिक्की, अर्धा टोमॅटो. भिंतीवरच्या फोटोशी ताट ताडून पाहिलं, झाकण घातलं. साहेब म्हणाले, "ताटं लिफ्टनं वर जातील. तुम्ही सगळे स्वच्छ एप्रन घालून या, भिंतीशी उभं राहा, काही विचारलं तरच बोला."

सभागृहात गार हवा सोडलेली. लांब टेबलाशी तिघं बसलेले. मधोमध साठीच्या एक बाई, केस आखूड, चष्मा दोरीला बांधलेला. सगळे त्यांना नुसतंच 'मोठ्या बाई' म्हणत होते. डावीकडे फायलीवाला, उजवीकडे पांढरी टोपी घातलेला त्यांचा शेफ. सकाळी नदीपलीकडचं खाऊन आले होते, म्हणून चेहऱ्यावर भूक नव्हती.

झाकणं उचलली. आत्यानं ताटाकडे पाहिलं.

घडी उलटी होती.

ती डावखुरी. तिच्या आम्लेटाची घडी कायम डावीकडे उघडायची, बावीस वर्षांत एकदाही उजवीकडे उघडलेली नाही. समोरच्या तिन्ही ताटांतली उजवीकडे उघडत होती. तिनं मान वळवली. काउंटरवरचा तिच्या खालोखालचा स्वयंपाकी, ज्याला सगळे 'दोन नंबर' म्हणत, स्वतःच्या बुटांकडे बघत होता. अगदी मन लावून. जणू बूट आजच पायात उगवले होते.

मोठ्या बाईंनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. "उत्तम," त्या म्हणाल्या. "मीठ अगदी बरोबर. सकाळच्यापेक्षा कांकणभर सरसच." फायलीवाल्यानं पेन उघडलं. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग त्यांची नजर आत्याकडे गेली. त्या नजरेत धमकी नव्हती, नुसती विनवणी होती. टोमॅटोवालीनं शेजारून आत्याचं मनगट घट्ट धरलं.

काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं हे जगातलं सगळ्यात स्वस्त काम. आत्यानं मनगट सोडवून घेतलं आणि एक पाऊल पुढे आली.

"बाई, ही आमची न्याहारी नाही."

पेन थांबलं. साहेब म्हणाले, "आत्या!"

"थांबा हो साहेब. बाई, हे आम्लेट या टेबलासाठी केलंय. विमानात जातं ते हे नाही. माझं खाली राहिलंय, झाकण घालून."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं, जसं आपण पावतीकडे पाहतो. "तुम्ही कोण?"

"मी ते करते. रोज. छत्तीस."

"उद्या सव्वासातच्या फेरीत आम्ही पहिल्या वर्गात आहोत. मग तिथे आम्हाला न्याहारीला काय मिळेल, ते सांगा."

प्रश्नात धार होती. साहेब मध्ये पडायला गेले, बाईंनी नुसतं बोट वर केलं. आत्यानं हात पुसलेलेच होते, तरी पुन्हा एप्रनला पुसले.

"सांगते. आधी गरम रुमाल मिळेल. मग फळं. गार असतील, कलिंगड जरा पाणचट, हंगाम संपलाय. दही चांगलं आहे. पाव दोन तऱ्हेचे, गरम येतील, पण पाच मिनिटांत खा, नाहीतर चामडं होतं. लोणी कडक असेल, पावाच्या पोटात ठेवून दाबा, विरघळेल. मग गरम ताट. त्यातलं आम्लेट उद्याचं नसेल, आजचं असेल. दुपारी घालून गार करून ठेवलेलं, वर भट्टीत वीस मिनिटं तापवलेलं. कोणी तुम्हाला ताजं म्हणाला तर तो खोटं बोलतोय. कडा थोड्या राठ लागतील. बटाटा मऊ पडलेला असेल, त्यावर माझ्याकडे अजून इलाज नाही. हॉटेलातलं मिळणार नाही. पण मिठाला माझं आम्लेट तिथं बरोबर लागेल. खाली खाल तर खारट आहे. वर खाल तर आम्लेट आहे."

 मग त्यांचा शेफ खाकरला आणि खाली मान घालून किंचित हसला. त्याला सगळं माहीत होतं. त्या धंद्यात कोणाला माहीत नसतं?

"मला गुण मात्र इथेच द्यायचे आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"द्या की. शून्य द्या. पण माझ्या ताटाला द्या. या ताटाला देऊ नका."

ताट मागवलं गेलं. बाईंनी घास घेतला, त्यांचा चेहरा वाकडा झाला, त्या अर्धा पेला पाणी प्यायल्या. "खारट आहे."

"आहेच," आत्या म्हणाली.

फायलीवाल्यानं आधीचा आकडा खोडला आणि दुसरा लिहिला. केवढा, ते त्यानं हाताआड लपवलं, पण हात लपवायची वेळ आली तेव्हाच सगळ्यांना कळलं.

बाहेर व्हरांड्यात साहेबांचा आवाज चढला. इतके दिवस गोड बोलून थकले असतील. "बावीस वर्षं इथलं खाल्लंत. खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंत!"

"जागले म्हणून तर बोलले."

"घरी जा. मी कळवेपर्यंत येऊ नका."

"जाते. उद्याची वीस झालीत, सोळा राहिलीत. तेवढी घालून जाते."

"दोन नंबर घालेल."

"तो तुमच्या भीतीनं नऊवर घालेल. उद्या काय मिळेल ते मी त्या बाईला माझ्या तोंडानं सांगितलंय. आता ते तसंच मिळालं पाहिजे."

ती जिना उतरली. साहेब मागोमाग. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, टोपी घातली, काचेचं दार ढकललं. साहेब दारातून आत शिरणार, तेवढ्यात ती वळली.

"साहेब, डोक्यावर टोपी नाही तुमच्या. पिवळ्या रेषेच्या आत यायचं नाही. तुमचाच नियम आहे, तुमचीच सही आहे त्याच्याखाली."

साहेब रेषेवर उभे राहिले.  मग खरोखरच टोपी आणायला गेले. टोप्यांचं खोकं त्या दिवशी भांडारात होतं आणि भांडारप्रमुखानं ते शोधायला भरपूर वेळ घेतला. का घेतला, ते त्याला कोणी विचारलं नाही.

आत दोन नंबर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आत्या, मला सांगितलं, मी केलं."

"माहीत आहे. अंडी फोड."

त्यानं फोडली. तिनं वजनकाट्यावर मीठ घेतलं, आकडा त्याला दाखवला, आणि ओतलं. टोमॅटोवाली तोंड फिरवून आपल्या शेगडीशी उभी होती. पण टोमॅटो भाजत राहिली. साहेब टोपी घालून आले तेव्हा अकरा झाली होती. ते आले, बघत उभे राहिले, आणि का कोण जाणे, उरलेली पाच त्यांनी होऊ दिली. सोळावं थाळीत ठेवून आत्यानं एप्रन सोडला आणि घरी निघून गेली.

सकाळी भाच्यानं गाडीचा डबा दाराला लावला आणि ट्रॉली आत ढकलली. वर काय झालं ते त्यालाही दिसलं नाही. दार बंद झालं, विमान गेलं.

आठ दिवस आत्या घरी बसली. नवऱ्यानं त्या आठ दिवसांत एकदाही पाणी मागितलं नाही, नुसता मुकाट जेवला. विहीणबाईंचा फोन आला. "ऐकलं ते खरं का?" त्यांनी विचारलं. खरं आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मला वाटायचं तुमचा हातच जड आहे."

नवव्या दिवशी पत्र आलं. चाखणीतले गुण नदीपलीकडच्यांचे जास्त. विमानातल्या अनुभवाचा शेरा आपल्या बाजूनं. म्हणून चारपैकी दोन फेऱ्या तिकडे, दोन इकडे, वर्षभरासाठी. खाली मोठ्या बाईंची एक ओळ होती: न्याहारीचा पदार्थ आणि तो करणारी व्यक्ती बदलू नये. साहेबांनी आत्याला बोलावून घेतलं. माफी मागितली नाही, तिनंही मागितली नाही. "या," म्हणाले. "आले," म्हणाली.

पण अठरा आम्लेटांना सहा माणसं लागत नाहीत. चार राहिली. दोघांची बदली झाली, आणि त्यांतली एक टोमॅटोवाली. यंत्राचं दालन, पावाचा पट्टा, पहाटेची बस.

तीन महिने ती आत्याशी बोलली नाही. कपडे बदलायच्या खोलीत दोघींची कपाटं शेजारी, एकीची पाळी संपते तेव्हा दुसरीची सुरू होते. टोमॅटोवाली यायची, पाठ करायची, कपडे बदलायची, जायची. आत्या रोज विचारायची, "गुडघा कसाय?" उत्तर यायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारायची.

एका दुपारी टोमॅटोवाली बाकावर बसली, बूट काढले आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "कसा असणार? सुजलाय. तुझ्या खरेपणाचे पाव मोजतेय तिथं."

आत्या तिच्या शेजारी बसली.

"तू गप्प बसली असतीस तर आज आपण सहाच्या सहा इथंच असतो."

"असतो."

"मग चुकलं म्हण. एकदाच म्हण. मी सोडून देते सगळं."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. म्हणणं सोपं होतं, आणि समोर एकोणीस वर्षांची मैत्रीण होती. आत्यानं तिचा सुजलेला पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"तुझा हा पाय माझ्यामुळे सुजलाय. हे रोज म्हणेन. हवं तर तुझ्या दारात उभी राहून, तुझ्या नवऱ्यासमोर म्हणेन. पण चुकलं म्हणणार नाही. पुढच्या वर्षी तसंच ताट समोर आलं, तर परत बोलेन."

"दगड आहेस तू."

"आहे."

"निदान साहेबांकडे तोंड उघड माझ्यासाठी. परक्या बाईसमोर उघडता येतं ना!"

"सकाळीच जाऊन आले. म्हटलं, तिला परत काउंटरला घ्या, माझी पाळी हवी तर अर्धी करा."

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

टोमॅटोवालीनं पाय ओढून घ्यायला पाहिलं. "मग झालं तर."

"झालं कसं?" आत्यानं पाय सोडला नाही. "अजून एकदाच म्हणालेत."